एक्कावन्न कार्डांचे फाडलेले कोपरे

आमचं बिनसलं ते मोत्यांवरून. खरे मोती नाही, कार्डावर चिकटवायचे अर्धे मोती, एका बाजूनं सपाट, साबुदाण्याएवढे. वहिनी लग्न होऊन आमच्या जळगावच्या घरी आली त्याच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिनं हॉल झाडला आणि माझे सगळे मोती सुपलीत भरून कचऱ्यात टाकले. मी कॉलेजातून आले, बघते तर पेपर घडी घालून ठेवलेला आणि मोती गायब.

"कचरा वाटला मला, ताई," ती म्हणाली.

मी ते पेपरवर रंगानुसार मांडून ठेवले होते हो! पांढरे एकीकडे, गुलाबी एकीकडे, मग तो चहासारखा रंग असतो तो. कचरा कुणी रंगानुसार मांडतं का? मी हे तिला विचारलं. जरा मोठ्यानं विचारलं. ती खोलीत जाऊन रडली, दादानं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं, आणि तेव्हापासून आमच्या घरात दोन पार्ट्या झाल्या. एका पार्टीत मी. दुसऱ्या पार्टीत बाकी सगळे.

मी काय करते ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी हातानं ग्रीटिंग कार्डं बनवते. वाढदिवसाची, साखरपुड्याची, कुणी रुसलं असेल तर सॉरीची. जाड कागद कापायचा, दुमडायचा, आणि मग सजवायचा. सजवणं म्हणजेच खरं काम, बाकी कागद तर कुणीही दुमडेल. लेसवाल्याकडून गोट्याच्या जरीपट्टीचे उरलेले तुकडे आणते, आईच्या जुन्या ब्लाउजांच्या बाह्यांचे काठ कापून ठेवते, टिकल्या, रिबन, खडे. आणि माझी स्वतःची आयडिया म्हणजे सोनाराचा गुलाबी कागद. दागिना ज्यात गुंडाळून देतात ना तो पातळ, सळसळणारा. जळगावात त्याला काय तोटा! तो मी कार्डाच्या आतून लावते, उघडलं की आवाज येतो. लोकांना फार आवडतं. इन्स्टावर माझं पेज आहे, ऑर्डरी येतात. हे सगळं मी चिडून सांगतेय असं वाटेल, तर हो, चिडूनच सांगतेय.

मग वहिनीला दिवस गेले, ती बाळंतपणाला धुळ्याला माहेरी गेली आणि मुलगी झाली. दादा हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉलवर आला, बाळाचा नुसता नाकाचा शेंडा दिसत होता दुपट्ट्यातून, आणि मी इकडे इतकी किंचाळले की शेजारच्या काकू धावत आल्या. मी आत्या! सख्खी आत्या, एकुलती एक. आणि आत्या म्हणजे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगणारी. माझ्या आत्यानं माझं ठेवलं, तिच्या आत्यानं तिचं. नाव काय ठेवायचं ते वहिनीच्या घरच्यांनी ठरवून टाकलं होतं, मला कुणी विचारलंही नाही, ठीक आहे, जाऊ दे. पण कानात सांगणार मी. तो मान माझा. मला तो इतका हवा होता की मी आरशासमोर प्रॅक्टिस केली. हसू नका.

बारसं सव्वा महिन्यानं, धुळ्यालाच ठरलं. वहिनीच्या आईंना मी मावशी म्हणते. त्यांनी माझ्या आईला फोन केला, मी शेजारीच बसलेली, स्पीकर चालू.

"विहीणबाई, बाकीच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवू, पण घरच्या लोकांना हातात द्यायला काहीतरी पाहिजे. तुमच्या पोरीला येतं ना ते कागद चिकटवायचं, तर एक्कावन्न करून द्या म्हणावं. तेवढाच तिचा वेळ जाईल."

कागद चिकटवायचं! वेळ जाईल! आईनं माझा हात दाबून धरला म्हणून मी गप्प बसले. पण मनात ठरवलं की अशी कार्डं करीन की यांची तोंडं बंद होतील.

आणि केली मी. पाच दिवस दुसरी एकही ऑर्डर घेतली नाही. मोतिया रंगाचा कागद, त्यावर गुलाबी कापडाचं नखाएवढं झबलं, झबल्याला खरी नाडी, नाडीची खरी गाठ. खाली गोट्याची पट्टी, गोट्यावर पाच पाच मोती. आत गुलाबी कागद. पहिलं झालं ते आईला दाखवलं. आई म्हणाली, "अगं काय सुंदर केलंस गं." वहिनीला फोटो पाठवला. तिनं नुसता अंगठा पाठवला. एक अंगठा! त्या झबल्याची नाडी ओवताना माझ्या बोटाला तीनदा सुई टोचली होती.

तो अंगठाच डोक्यात बसला माझ्या. सगळी एक्कावन्न तयार होती, खोक्यात भरायची तेवढी बाकी, आणि मला वाटायला लागलं की अजून काहीतरी पाहिजे, काहीतरी जे बघून तिला दोन शब्द तरी टाइप करावे लागतील. तेव्हाच मी एक व्हिडिओ बघितला. परदेशातली एक बाई, कार्डाचा कोपरा हातानं फाडते, कात्रीनं नाही, हातानं, म्हणजे कड अशी दातेरी होते, आणि त्या कडेला सोनेरी रंग लावते. काय दिसत होतं ते! जुन्या राजाच्या खलित्यासारखं.

मी लगेच एकावर करून बघितलं. उजवा वरचा कोपरा धरला, फर्रकन फाडला, कडेला सोनेरी रंग. भारी. मग दुसरं. मग सगळी. फाडायला इतकी मजा येत होती, सांगू शकत नाही, फर्र, फर्र, फर्र. आई नेमकी बाजारात गेलेली. दादा निघायच्या घाईत होता, त्यानं खोका न उघडताच पिशवीत घातला आणि धुळ्याची बस पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. आईनं उचलला, मी कौतुक ऐकायला तिच्या खांद्यावरून डोकावले. स्क्रीनवर वहिनीचे आबा, म्हणजे तिचे आजोबा. त्यांनी माझं एक कार्ड चिमट्यानं धरलेलं. खरोखरच्या चिमट्यानं, पोळी भाजायच्या.

"हाई काय शे?" आबा अहिराणीत ओरडले. "कोन मरनं? बठ्ठा कोपरा फाडेल शेतस!"

मला काही कळेना. कोण मेलं? कुणी मेलं का? मी आईकडे बघितलं. आईचा चेहरा असा उतरला होता की मलाच भीती वाटली.

"तू कोपरे फाडलेस?" आई हळू म्हणाली.

"हो, डिझाइन आहे ते. सोनेरी रंग पण लावलाय, दिसत नाहीये का त्यांना?"

"अगं बाई! कोपरा फाडलेलं कार्ड मयताचं असतं! कुणी गेलं की गावोगाव कोपरा फाडून पोस्टकार्ड टाकायचे. लोक हातात घ्यायचे नाहीत ते."

आणि इथे मी जे केलं ते नको होतं करायला, हे मी मान्य करते, एवढं एकच मान्य करते. मी हसले. मला खरंच हसू आलं. मी आयुष्यात एक पोस्टकार्ड बघितलेलं नाही! मला कसं माहीत असणार? आणि तो चिमटा, आणि चिमट्यात ते एवढंसं झबलं. खो खो हसले, आणि फोन चालू होता.

स्क्रीनवर एकदम मावशी आल्या. मागे पाटावर हळदीकुंकवाचं तबक दिसत होतं. त्यांच्याकडे कुठलीही पत्रिका वाटायच्या आधी तिच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावतात. कॉलच्या आधी त्या मांडी घालून तेच लावायला बसल्या होत्या म्हणे, एक कोपरा, दुसरा, तिसरा, आणि चौथा नाहीच. दुसरं कार्ड घेतलं, चौथा नाही. एक्कावन्नच्या एक्कावन्न कार्डांना नाही.

"हसते?" मावशी म्हणाल्या. "महिन्याभराचं लेकरू आहे माझ्या घरात, आणि तिच्या बारशाची म्हणून तू एक्कावन्न मयताची कार्डं पाठवते, आणि वर हसते?"

"मावशी, अहो मला माहीतच नव्हतं..."

"मोत्यांचा राग काढला तिनं, आई," मागून वहिनीचा आवाज आला.

"ए, मोत्यांचा काय संबंध?" मी पण ओरडले. "तू मध्ये बोलू नकोस! तुला तर कचरा आणि सामान यातला फरक कळत नाही!"

आई माझ्या तोंडावर हात ठेवायला बघत होती. मावशी मात्र माझ्याकडे बघेनाशाच झाल्या.

"विहीणबाई," त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही सगळे या बारशाला. ही पण येऊ दे, नाही म्हणत नाही. पण नाव ही नाही ठेवणार. दोंडाईच्याची तुमच्या दिरांची मुलगी आहे ना, ती पण आत्याच लागते. ती ठेवेल."

फोन बंद.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगायला आई नको म्हणते, पण सांगते. मी स्टेटस टाकलं. काळ्या बॅकग्राउंडवर पांढऱ्या अक्षरात, "काही लोक अजूनही कागदाला घाबरतात," आणि पुढे हसणारे तीन चेहरे. आईनं वीस मिनिटांत काढायला लावलं, पण तोवर धुळ्याला स्क्रीनशॉट पोचला होता. दादाला फोन केला, म्हटलं तू सांग ना तुझ्या सासूला. तो म्हणाला, "जाऊ दे ना, कानात कुणी सांगितलं तरी नाव तेच राहणार आहे." असा भाऊ. मग मी दोंडाईच्याच्या चुलतबहिणीला फोन केला, म्हटलं तू नाही म्हण. ती म्हणते, "अगं मला विचारलं कुठे कुणी? सरळ फोन आला की तू आत्या. मी तर साडीला फॉल पण लावायला दिला." तिच्यावर ओरडायलाही काही कारण सापडेना, तरी मी ओरडले.

बारशाच्या दिवशी मी गाडीत आईशी एक शब्द बोलले नाही. पारोळा गेलं, धुळं आलं. वहिनीचं घर जुन्या गल्लीत, दाराबाहेर ओटा, ओट्यावर खुर्ची टाकून आबा बसलेले. आणि ओट्याखाली, पाहुण्यांच्या चपलांच्या मधे, माझा खोका. माझ्या अक्षरात 'नाजूक, सांभाळून' असं लिहिलेला. त्या दिवशी बाहेर काढला तो इतके दिवस तिथेच होता. कुणी परत आत नेला नव्हता. घंटागाडीत टाकायलासुद्धा कुणी हात लावला नव्हता. वर कुणाच्या तरी सँडल.

आई पटकन आत गेली. मी तिथेच उभी राहिले.

"कोणी काढल्या या सँडल इथे?" मी विचारलं.

"तू आत्या शे ना?" आबा म्हणाले. आवाजात काही माया वगैरे नव्हती. "तुले कोनी सांगं नही? तुना घरमा कोनी मोठं मानूस नही?"

"आहेत. पण तुम्ही चिमट्यानं उचललंत, आबा. चिमट्यानं!"

"मंग? हातमा धरू?" ते पुढे वाकले. "तीस वरीस मी टपाल वाटं."

ते पोस्टमन होते हे मला माहीत होतं, पण त्याच्याशी याचा संबंध मी जोडलाच नव्हता. ते म्हणाले की ते कार्ड पिशवीत बाकीच्यांबरोबर ठेवत नसत, वेगळं बोटांत धरून चालत. गावात शिरलं की बायका आधी त्यांच्या हाताकडे बघायच्या. वेगळं धरलेलं दिसलं की दारं आपटायची, कुणी म्हणायचं आमच्याकडे नको, पुढे जा, पुढे जा. वाचता येणारे कमी, म्हणून दारात उभं राहून आबांनाच वाचून दाखवावं लागायचं. एकदा त्यांच्या स्वतःच्याच बहिणीचं कार्ड आलं. सासरच्यांनी टाकलेलं. टपालाच्या ढिगात आधी त्यांना कोपराच दिसला, पत्ता नंतर.

मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून अजूनच राग आला, कारण आता भांडताही येईना.

"मग काय करू मी?" मी म्हटलं. "मला माझ्या भाचीचं नाव ठेवायचंय. बाकी काही नको मला तुमच्याकडून."

आबांनी पायानं खोक्याकडे दाखवलं. "ते कार्ड दारमाच वाचानं, तठेच फाडानं, घरमा लई जावानं नही. ज्यानी आनं, त्यानी फाडानं."

म्हणजे मी आणली, मी फाडायची. माझी एक्कावन्न कार्डं.

मी बसले खाली. सँडल उचलून बाजूला फेकल्या. पहिलं कार्ड काढलं. तुम्हाला वाटेल कागदच तर आहे, पण मी चांगलं चिकटवते हो, माझं सामान निघत नाही. गोटा फाटेना, रिबन ताणली जात होती, बोटांना वळ उठले. झबल्याची गाठ सुटेना म्हणून दातांनी तोडली. येणारे पाहुणे माझ्याकडे बघत होते, चपला काढून, साड्या उचलून, कडेकडेनं आत जात होते. एक बाई दुसरीला म्हणाली, "ही बाळाची आत्या का?" दुसरी म्हणाली, "तीच ती." तीच ती! म्हणजे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

चुलतबहीण बाहेर आली, मोरपंखी साडी, नाकात नथ. "अगं काय करतेस? ये ना आत, सेल्फी काढू."

"आत जा," मी म्हटलं.

मग मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी फाडत राहिले. शेवटचं हातात आलं तेव्हा मला वाटलं, एक ठेवावं. एकच. पर्सची चेन उघडी होती, नुसतं सरकवायचं.

"एक्कावन्न होती," मावशी म्हणाल्या.

"माहितीये मला, मीच केलीत," मी म्हटलं, आणि त्यांच्याकडे बघत बघत ते फाडलं. आधी उभं, मग आडवं.

आबा उठले आणि दारातूनच आत ओरडले, "नाव हाईच ठेवी. सख्खी आत्या हाई शे."

"आबा, स्टेटस वाचलं ना तुम्ही तिचं?" मावशी म्हणाल्या.

"वाचं. हाईच ठेवी."

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात धुतल्याशिवाय पाळण्याजवळ गेले असते तर तिथेच गाडलं असतं मला. मी धुतले. दोनदा. साबणानं. पाळण्याजवळ चुलतबहीण बसली होती, तिला उठवलं. ती म्हणाली, "बरं झालं बाई, मला ते गाणं येतच नव्हतं." वहिनी पलीकडे होती, माझ्याकडे बघत नव्हती, पाळण्याची दोरी सरळ करत होती, सरळच असलेली.

मी वाकले. बाळ जागं होतं. इतके महिने भांडणं ज्या घरात चालली त्या घरातलं हे सगळ्यात छोटं माणूस, आणि मी तिला आज पहिल्यांदा प्रत्यक्ष बघत होते. तिच्या कानाला बारीक लव होती. त्यांनी ठरवलेलं नाव मला आवडलेलं नाही, आजही आवडत नाही, आणि कानात मी काय सांगितलं ते कुणालाही ऐकू आलं नसतं. दुसरंच काहीतरी सांगावं असं मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण मी तेच नाव सांगितलं, जे ठरलं होतं, नीट, एकेक अक्षर.

आणि आत्या कानात कुर्र करते तेव्हा बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात ना, गमतीनं, तसे पडायला लागले. हलके हलके, बांगड्यांचे आवाज, सगळ्या हसतायत. त्यात एक बसला. असा बसला की माझं कपाळ पाळण्याच्या दांडीवर आपटलं आणि बाळानं भोकाड पसरलं.

मी वळून बघितलं. मावशी.

"लागलं, मावशी," मी म्हटलं.

"लागावं म्हणूनच मारलं."

बायका अजूनच हसल्या, त्यांना वाटलं चेष्टा चाललीय. वहिनीनं बाळ उचलून घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे. "बर्फ देऊ का?" असं काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "ओरडून सांगितलंत का कानात? घाबरली ती."

मी सरळ बाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले. आतून वरण-बट्टीचा वास येत होता, वांग्याच्या भाजीचा, तुपाचा. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आई एकदा येऊन शिव्या देऊन गेली की लोक काय म्हणतील. मी काच वर केली.

बऱ्याच वेळानं दादा ताट घेऊन आला. काचेवर टकटक केलं. ताटात बट्ट्या कुस्करलेल्या, वर वरण, कडेला भाजी.

मी काच चार बोटं खाली केली. "हे मावशींनी पाठवलंय का?"

"नाही गं. मीच वाढून आणलं, गुपचूप."

"नक्की?"

"आईशप्पथ."

मग मी दार उघडलं आणि ताट घेतलं. परत एकदा वाढून आणायला लावलं.